शिंगाळ्याचा पत्ता : नंदुरबारहून प्रकल्प नोंदी

6 ऑगस्ट 2024

विषय एकदाचा मंजूर झाला. एम.एस्सी. भाग दोन, प्राणिशास्त्र. 'समुद्री शिंगाळ्याचे जीवशास्त्र आणि अधिवास'. विभागात लगेच एकाने टोमणा मारलाच, नंदुरबारला समुद्र कधीपासून आला? टोमणा असला तरी मुद्दा रास्त आहे. इथून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या पलीकडे. पण आपल्या मासळी बाजारात समुद्राचा मासा येतो, सुरतेहून, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाखाली दबून. त्यात शिंगाळा हमखास असतो, कारण पापलेट-सुरमईचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे सरकतं. स्वस्त, काटे कमी, रश्श्यात फुटत नाही. मला रोज मिळेल असा मासा हवा होता, तो हाच.

मॅडम म्हणाल्या, "जीवशास्त्र टेबलावर होऊन जाईल. अधिवासाचं प्रकरण कशाच्या जोरावर लिहिणार, ते आधी ठरव." ठरवलेलं नाही. वहीचं पान सोडून ठेवलंय.

पाया म्हणून एवढं टिपून ठेवते. मिशीवाल्या माशांचा गण प्रचंड मोठा, पण जवळजवळ सगळा नद्या-तळ्यांतला. समुद्रात खऱ्या अर्थाने पसरली ती दोनच कुळं, एरिइडी आणि प्लोटोसिडी. आपला समुद्री शिंगाळा एरिइडीतला. या कुळात दीडशेच्या आसपास जाती, जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर. खोल समुद्रात जात नाहीत. खाड्या, नदीमुखं, चिखलाचा उथळ तळ, तिथेच यांचा संसार. काही जाती तर गोड्या पाण्यातही शिरतात.

12 ऑगस्ट

श्रावण. काल कानबाई बसली, आज विसर्जन. गल्लीत घरोघरी रोट, मासळी बाजारात कुत्रं नाही. पाटीवाल्या मावशी म्हणाल्या पोळ्यापर्यंत माल कमीच, त्यातून काही आलं तर ठेवीन. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरची पावसाळी बंदी 31 जुलैला संपली आहे, म्हणजे बोटी बाहेर पडल्यात, पण आपल्याकडचं गिऱ्हाईकच उपासाला बसलंय. नमुने गोळा करायच्या वेळापत्रकात भरती-ओहोटी धरली होती, श्रावण धरायला हवा होता, असं मॅडम हसत म्हणाल्या.

24 ऑगस्ट

पहिला माल. मावशींकडे दोन पाट्या शेजारी शेजारी होत्या. एकीत तापीच्या फुगवट्यातला शिंगाळा, दुसरीत सुरतेहून आलेला. दोघांच्या पाठीवर शेपटीकडे तो मऊ, काट्याविना मेदपर, आणि दोघांच्याही मेदपरावर काळा डाग. मी नदीचा उचलला तर मावशींनी हात धरला, "तो नही बेटा. समुद्रना हाऊ शे." त्यांना कसं कळतं हे विचारलं. त्यांनी नुसती मिशी ओढून दाखवली.

बरोबर आहे. नदीतल्या शिंगाळ्याच्या मिशांच्या चार जोड्या, त्यांतली वरच्या जबड्याची जोडी इतकी लांब की पार शेपटीच्या दिशेने मागे जाते. समुद्री शिंगाळ्याला नाकपुडीजवळची मिशी नसतेच. बहुतेक जातींत तीन जोड्या, त्याही आखूड. मेदपरही नदीवाल्याचा लांबलचक, याचा छोटा. एकदा नजर बसली की चूक होणार नाही.

जात ओळखणं मात्र सोपं नाही. बाहेरून सगळे सारखे, पाठ करडी-निळसर, पोट पांढरं, अंगावर खवला एकही नाही, डोक्यावर दाणेदार हाडाचं कवच. खरी ओळख तोंडात, टाळूवर. जबडा फाकवून, पाण्याने धुऊन, टॉर्च धरून टाळूवरचे दातांचे पट्टे बघायचे. माझ्याकडच्या माशांत दोन्ही बाजूंना एकेकच पट्टा, त्यात दाढेसारखे बोथट दाणे. मेदपरावर डाग. एरियस मॅक्युलॅटस. याच कुळातल्या थोराड नेटुमा थॅलॅसिनाच्या टाळूवर प्रत्येक बाजूला तीन-तीन पट्टे त्रिकोणात मांडलेले असतात. तो दीड मीटरच्याही पुढे वाढतो, आपल्या पाटीत त्याचे तुकडेच येतात.

नावांचा घोळ वेगळाच. जुन्या भारतीय अहवालांत टॅकिसुरस थॅलॅसिनस, मधल्या काळात एरियस थॅलॅसिनस, आता नेटुमा थॅलॅसिना. मासा एकच. संदर्भ शोधताना तिन्ही नावांनी शोधायचं, नाहीतर चाळीस वर्षांचं काम डोळ्याआड राहतं.

3 सप्टेंबर

काल पोळा झाला, आज बाजार उसळला. खोकी भरून माल. पण प्रयोगशाळेतला दिवस भलतीकडेच गेला.

नाना (आमचे प्रयोगशाळा परिचर, तीस वर्षं बेडूक-झुरळं-मासे हाताळलेला माणूस) मासे धुवत होते. मी म्हटलं, नाना, काट्याला जपा. ते म्हणाले, "मरेल शे तो, काय करी?" दुसऱ्या मिनिटाला छातीच्या पराचा काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला. रक्त थोडंच, पण दहा मिनिटांत हात मनगटापर्यंत ठणकायला लागला आणि घाम फुटला.

या माशाला तीन काटे. पाठीवर एक, छातीच्या दोन्ही परांत एकेक. करवतीसारखे दाते, त्यावर पातळ कातडी आणि तिच्यात विषारी पेशी. काटा घुसताना कातडी फाटते आणि विष जखमेत उतरतं. मासा मेला म्हणून कातडीतलं विष लगेच नाहीसं होत नाही, आणि बर्फात तर ते टिकूनच राहतं. हे विष प्रथिनाचं, उष्णतेने मोडतं. त्यामुळे पहिला उपाय गरम पाणी. आमचं वॉटर बाथ 45 अंशांवर लावलेलंच होतं. सोसेल तसतसा नानांचा हात त्यात धरून ठेवला. अर्ध्या-पाऊण तासात ठणका उतरला. मग दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन. दात्याचा तुकडा आत राहिला नाही ना, हे डॉक्टरांनी नीट पाहिलं.

संध्याकाळी तोच काटा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याची खरी करामत बुडाशी आहे. बूड असं घडवलेलं की काटा उभा केला की सांध्यात अडकतो, आणि मग वरून कितीही दाबा, आडवा होत नाही. माशाने स्वतः सोडला, किंवा आपण योग्य कोनात फिरवला, तरच मिटतो. तीन काटे ताठ उभे राहिलेला मासा गिळायचा म्हणजे गिळणाऱ्याच्याच घशात अडकणार. सुरतेचे व्यापारी पुष्कळदा काटे छाटूनच माल भरतात. मला अख्खे हवेत, असं मावशींना सांगून ठेवलंय. त्यांनी नानांचा अंगठा पाहिला आणि किलोला वीस रुपये जास्त सांगितले.

14 सप्टेंबर

गणपतीचे दिवस, कॉलेज अर्धं ओस, टेबल मोकळं. सगळी जठरं आज उघडली.

बहुतेकांत कोळंबीचे तुकडे, खेकड्याच्या नांग्या, शिंपल्याचा चुरा, लहान माशांचे मणके, आणि दरवेळी चिखल. राखाडी, बोटांत चोळला तर पिठासारखा, वाळूची कचकच नाही. हा चिखल खाण्याबरोबर आलेला. मासा तळाशी तोंड खुपसून खातो याचा पुरावा. बोथट दाढा कशासाठी, तेही शिंपल्याच्या चुऱ्यावरून कळतं.

दोन माशांत गुलाबीसर लगदा होता. त्यात काळे ठिपके, म्हणजे डोळे. जवळा असावा अशी शंका आली, पण अर्धवट पचलेल्या लगद्यावरून सांगायचं कसं? मग आईच्या डब्यातली सुकट आणली. खानदेशात समुद्राचं सगळ्यात जुनं येणंजाणं सुकट-बोंबलाच्या रूपानेच. आठवडी बाजारात ढीग लागलेले असतात आणि पावसाळ्यात भाकरीबरोबर तीच चालते. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, अ‍ॅसेटेस. तासभर पाण्यात भिजवून भिंगाखाली पसरवली. कोळंबीला छातीखाली चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात; जवळ्यात शेवटच्या दोन नसतात, तीनच उरतात. जठरातल्या लगद्यातून त्यातल्या त्यात धड देह सुईने सोडवला. तीन जोड्या. डब्यातला आणि पोटातला एकच.

आई म्हणाली, आता ती सुकट परत डब्यात घालू नकोस.

29 सप्टेंबर

मॅडमसोबत बैठक. लांबी-वजनाचे तक्ते बघून झाल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. हे मासे कुठले?

सुरतचे, मी म्हटलं. मावशीही तेच सांगतात, व्यापारीही. पण 'सुरतचा' याचा अर्थ सुरतेच्या लिलावात विकला गेलेला, एवढाच. पकडला खंबातच्या आखातात की वेरावळच्या बाजूला, खाडीत की बाहेर, किती पाण्यात, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यातून बंदीच्या काळात पूर्व किनाऱ्याचाही माल पश्चिमेला येतो, कारण तिकडची बंदी 15 एप्रिल ते 14 जून, आणि ती उठते तेव्हा इकडे बोटी बांधलेल्या असतात. बाजारातल्या माशावरून प्रबंध लिहिणाऱ्या पुष्कळांनी 'नमुन्याचे ठिकाण' या रकान्यात सरळ बाजाराचं गाव टाकलेलं दिसतं. मला ते पटत नाही. मासा नंदुरबारला विकला जातो, राहत नाही.

तेव्हा ठरलं असं. अधिवासाचं प्रकरण उलट्या बाजूने लिहायचं. ठिकाणावरून माशाकडे जायचं नाही. माशाच्या अंगावरून ठिकाणाकडे जायचं. तोंड, मिशा, जठर, कानातले खडे, हे काय काय सांगतात ते मांडायचं, आणि मग एकदा प्रत्यक्ष नदीमुखावर जाऊन ते जुळतं का बघायचं. मॅडम म्हणाल्या, चालेल, पण जिथे माशाने सांगितलं नाही तिथे तू सांगायचं नाही.

24 ऑक्टोबर

आजची नोंद सावकाश लिहिते.

सकाळी मावशींचा फोन. "तोंडमा काहीतरी शे, ये लवकर." धावतच गेले. हातभर शिंगाळा, गालफडं फुगलेली, खालचा जबडा लोंबलेला. तोंड किंचित उघडलं तर आत पिवळट गोळे. बाजारातच पाटीवर फडकं टाकून तोंड बांधलं आणि तसाच प्रयोगशाळेत आणला.

तोंडात सतरा अंडी. खोक्याच्या तळाच्या बर्फात आणखी तीन सापडली; मूळची किती होती कोण जाणे, जाळ्यात सापडल्यावर हे मासे अंडी थुंकतात. प्रत्येक अंडं साधारण 12 मिलिमीटर, द्राक्षाएवढं म्हणा. आतून लालसर रेषा दिसतात, त्या बलकावरच्या रक्तवाहिन्या. भिंगाखाली एका अंड्यात डोळ्यांचे दोन काळे ठिपके स्पष्ट. म्हणजे ही नुसती अंडी राहिली नव्हती, पिल्लू घडत होतं.

पोट उघडलं. वृषण. हा बाप आहे.

एरिइडी कुळाचा हा सगळ्यात मोठा विशेष. मादी अंडी घालते, नर ती तोंडात घेतो, आणि पिल्लं बाहेर पडून त्यांचा बलक संपत येईपर्यंत, जातीनुसार महिना-दोन महिने, तोंडातच सांभाळतो. त्या काळात तो खात नाही. आजच्या नराचं जठर कोरडं, आकसलेलं, आत चिखलाचा कणही नाही. पित्ताशय मात्र फुगून गर्द हिरवं झालेलं. जेवणच नाही तर पित्त सांडणार कुठे? पाठीचं मांस हाताला मऊ लागलं. याच्याच लांबीच्या सप्टेंबरमधल्या नरापेक्षा वजन कमी भरलं, पण एका माशावरून त्याचा आलेख काढणार नाही.

नानांनी रोहूशी तुलना केली, आणि ती नेमकी आहे. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन-अडीच लाख अंडी सोडून मोकळी होते, पुढे नदी बघून घेईल. शिंगाळ्याच्या मादीच्या पोटात पिकलेली अंडी मोजकी डझनभर, फार तर काही डझन. हाडांच्या माशांत इतकी मोठी अंडी क्वचितच. विणीच्या काळात मादीचे पोटाखालचे पर जाड, मांसल होतात. अंडी नराकडे सोपवताना त्यांचा उपयोग होत असावा असं मानतात. मला तशी मादी अजून मिळालेली नाही.

हिशेब असा. ज्या माशाची पुढची पिढी बापाच्या तोंडात असते, त्याचा एक नर पकडला की सगळं घरच गेलं. 1980 च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांनी (थव्याला वेढून खालून आवळायची जाळी) अशा अंडी वाहणाऱ्या नरांचे थवेच्या थवे ओढले. अंडी डेकवर सांडून वाया गेली. पुढे पश्चिम किनाऱ्यावरचं शिंगाळ्याचं उत्पादन कोसळलं. लाखांनी अंडी घालणारा मासा एका चांगल्या पावसाळ्यात सावरतो, याला तशी सोय नाही. पावसाळी बंदीचा या नरांना किती उपयोग? ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हा नर तोंडात अंडी घेऊन माझ्या टेबलावर आहे, आणि बंदी जुलैतच संपली. या वाक्याभोवती मॅडमनी पेन्सिलने गोल केला आणि लिहिलं: जात आधी नक्की कर.

जात मॅक्युलॅटस नाही, हे मेदपरावरून आणि टाळूवरून नक्की. प्लायकोफॉलिस वंशातली, टेनुइस्पिनिसकडे झुकते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलाय. अंडी वेगळ्या बाटलीत.

मावशींना दुपारी सांगितलं की हा बाप होता आणि उपाशी होता. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

18 नोव्हेंबर

प्रकाशा. तापीवरचा बॅरेज. सहलीसारखीच गेले, पण एक गोष्ट बघायची होती.

इथे भोई समाजातले एक आप्पा जाळं सुकवत बसले होते. त्यांना मोबाइलवर समुद्री शिंगाळ्याचा फोटो दाखवला. असला इथे कधी मिळत नाही, म्हणाले. मरळ, वाम, रोहू, कटला, चिलापी आणि आपला नदीचा शिंगाळा. ते अपेक्षितच. खारं-गोडं दोन्ही सोसणारे एरिइडीतले मासे नद्यांत वर चढतात खरे, पण तापीत चढायला वाट कुठे आहे? सुरतेतच सिंगणपूरचा कॉजवे भरतीचं पाणी अडवतो. त्याच्या वर काकरापारचा बंधारा, त्याच्यावर 1972 साली पुरं झालेलं उकाई. उकाईचा फुगवटा नवापूर-नंदुरबारपर्यंत पसरलेला. त्याच्याही वर प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे, आणि पार वर हतनूर. 724 किलोमीटरची नदी, जिन्याच्या पायऱ्या घातल्यागत अडवलेली.

मासा वर येऊ शकत नाही. पण खाली काय जातं? मुलताईपासून भुसावळ, अमळनेर, शहादा करत तापी, पूर्णा, गिरणा, पांझरा मिळून काळ्या मातीचा जो गाळ उचलतात, तो शतकानुशतकं आखाताच्या तळाशी जाऊन बसला. उकाई झाल्यापासून त्यातला मोठा वाटा धरणातच अडकतो. माझ्या माशांच्या जठरातला चिखल खानदेशचा आहे असं मी म्हणत नाही. आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती अशा चार मोठ्या नद्या येतात आणि भरती-ओहोटी सगळ्यांचा गाळ एकत्र घुसळते. पण हा अधिवास नुसता 'समुद्र' नाही, नद्यांनी आणून टाकलेला तळ आहे, हे प्रकरणात आलंच पाहिजे.

15 डिसेंबर, डुमस (सुरतेजवळचा किनारा)

पहाटेची सुरत गाडी. फलाटावर पलीकडच्या बाजूला दोंडाईच्याकडे जाणारी गर्दी, काल दत्तजयंती झाली, सारंगखेड्याचा घोडेबाजार भरलाय. आम्ही मात्र उलट्या दिशेला. पौर्णिमा मुद्दाम धरली होती, उधाणाची भरती-ओहोटी बघायला मिळावी म्हणून.

खंबातच्या आखाताची भरती देशात सगळ्यात मोठी. वर भावनगरकडे पाण्याची चढउतार दहा मीटरच्याही पुढे जाते. ओहोटीला डुमसला पाणी इतकं मागे हटलं की कडेची काळी वाळू संपून पुढे नुसता चिखल उघडा पडला. त्यावर निवट्या उड्या मारत होत्या. पाऊल टाकलं की पोटरीपर्यंत आत. बोटांत चोळून पाहिला. कचकच नाही. सप्टेंबरमध्ये जठरातून काढला तसाच.

पाण्याचा रंग चहाचा. पांढरी तबकडी दोरीने सोडली, ती हातभर खाली जायच्या आतच दिसेनाशी झाली. तबकडी वर ओढताना मिशांचा विचार आला. एवढ्या गढुळात डोळ्यांचा काय पाड? या माशाच्या मिशांवर, ओठांवर, अंगाच्या कातडीवर चव घेणाऱ्या कळ्या असतात. तो तळ चाटतच चालतो म्हणायला हरकत नाही. कान तर त्याहून तयार. वाताशयापासून आतल्या कानापर्यंत चिमुकल्या हाडांची साखळी असते, वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने ती 1820 साली दाखवली. वाताशयावर आदळलेला आवाज त्या हाडांवरून थेट कानात पोचतो.

आणि आवाज खरंच ऐकला. एका होडीवाल्या काकांनी टोपलीत जिवंत शिंगाळे आणले होते; तिकडे खगा म्हणतात. हात जवळ नेला तर टोपलीतून करकर, करकर. छातीचा काटा सांध्यात घासून मासा ती करकर करतो. याशिवाय वाताशय थरथरवून ते दबका, घुमल्यासारखा आवाजही काढतात. पुस्तकात दोन ओळी वाचल्या होत्या, पण टोपलीवर कान ठेवून ऐकल्यावर नाना बरोबर असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

त्याच टोपलीत एक वेगळा निघाला. मिशांची एकच जोडी, आणि ती मऊ नाही, हाडासारखी ताठ. ऑस्टिओजेनिओसस मिलिटॅरिस. जीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्येच याची नोंद करून ठेवली आहे. आमच्या बाजारात हा कधी दिसला नव्हता. विकत घेतला. परतीच्या गाडीत वासावरून शेजारच्यांशी थोडी बाचाबाची झाली.

9 जानेवारी 2025

कानातले खडे. दोन दिवस याच कामात.

बहुतेक माशांच्या कानात खड्यांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांतला सॅजिटा सगळ्यात मोठा. शिंगाळ्यात उलटं. इथे लॅपिलस मोठा, आणि मोठा म्हणजे डोक्याच्या मानाने अचाट. तिसेक सेंटिमीटरच्या मॅक्युलॅटसमधून निघालेला नऊ मिलिमीटरचा आहे. काढायला वरून कवटी फोडायची गरज नाही. कल्ले बाजूला केले की कवटीच्या बुडाला दोन टेंगळं दिसतात, तिथे सुरीचं टोक घालून हाडाची पापडी उचलायची. गुळगुळीत, दुधी रंगाचा, एका बाजूने फुगीर. उकळून वाळवलेली एक कवटी नानांनी हलवून दाखवली, आत खडे वाजतात.

खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, दरवर्षी थर चढत जातात. पाण्याच्या बारीक कागदावर घासून मधोमध पातळ केला, ग्लिसरिनचा थेंब टाकला, वरून उजेड. गडद-फिकट कडी दिसतात, पण वर्षाचं कडं कुठलं आणि नुसत्या उपासाचं कुठलं, हे सांगणं अवघड. थंड प्रदेशात हिवाळा खुणेसारखा उमटतो. आपल्याकडे पावसाळा आहे, आणि नराच्या बाबतीत तोंडात अंडी असतानाचे उपाशी आठवडे आहेत. ऑक्टोबरच्या नराच्या खड्याची कड घासून पाहिली, तिथे एक दाट रेघ आहे. ती उपासाची असावी असं मला फार वाटतं. फार वाटणं हा पुरावा नाही, म्हणून तक्त्यात नाही.

पण पत्ता याच खड्यात आहे. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम भरपूर, नदीच्या पाण्यात तुलनेने कमी. बेरियमचं बहुधा उलट. मासा ज्या पाण्यात राहिला त्याची थोडीफार खूण त्या त्या थरात बसते. मधल्या थरापासून कडेपर्यंत मोजत गेलं तर लहानपण खाडीत काढलं का, पुढे बाहेर गेला का, हे वाचता येतं. ते यंत्र आमच्याकडे नाही. खड्यांच्या जोड्या कोरड्या कुपीत, कापसात, नंबर घालून ठेवल्या आहेत. मॅडमनी एका राष्ट्रीय संस्थेला पत्र धाडलंय. उत्तर नाही.

30 जानेवारी

अधिवासाचं प्रकरण आज मॅडमच्या टेबलावर गेलं. नकाशा काढला नाही. त्याऐवजी एक तक्ता: एका बाजूला अवयव, समोर तो काय सांगतो, आणि तिसऱ्या रकान्यात डुमसला काय दिसलं. चिखल जुळला, जवळा जुळला, गढूळपणा आणि मिशा जुळल्या. क्षारता जुळवता आली नाही, कारण एका दिवसाच्या मोजणीवर मॅडमचा विश्वास नाही आणि माझाही नाही. 'नमुन्याचे ठिकाण' या रकान्यात लिहिलं: नंदुरबार मासळी बाजार, पकडल्याचे ठिकाण अज्ञात. त्याखाली मॅडमनी सही केली.

ऑक्टोबरच्या नराची जात टेनुइस्पिनिस म्हणून पक्की झाली. बंदीबद्दलचं वाक्य राहिलं, पण 'या एका नोंदीवरून' अशी सुरुवात करून.

पुढच्या वर्षी भाग एकमधली एक मुलगी हेच काम पुढे नेणार आहे, मुख्यतः तोंडात अंडी वाहणाऱ्या नरांवर. तिच्यासाठी सूचना: मावशींकडे गाडीचा माल उतरायच्या वेळी हजर राहायचं, खोकं त्यांनी उपडं करायच्या आत. नंतर गेलं तर अंडी बर्फाबरोबर गटारात जातात. जाड हातमोजे न्यायचे. काट्यांसकट माशाचा भाव किलोला वीस रुपये जास्त आहे, त्यावर घासाघीस करायची नाही.